तरियाच्या वळणावरची फायनल

आमच्या ट्रॅकची फायनल काढून घेणार आहेत, हे मला सगळ्यांत शेवटी कळलं. रायपुरात गुढियारीतल्या माझ्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानात एक मेकॅनिक जुन्या क्लच प्लेटसाठी घासाघीस करत होता. आमचं जमलं, आणि जाता जाता तो म्हणाला, "दीदी, अब तो फायनल नवा रायपुर में होगी. आपके टायर भी वहीं जाएँगे क्या?"

मी त्याच्या हातातली प्लेट परत घेतली. त्याचा काही दोष नव्हता. पण त्या दिवशी ती प्लेट मी त्याला दिली नाही.

बीरगावच्या पुढे, कारखान्यांची शेवटची भिंत संपते तिथं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं माळरान आहे. अशा जमिनीला इकडे भाठा म्हणतात. लाल, खडेदार, पाणी न धरणारी. त्याच रानाच्या कोपऱ्यात पूर्वी तळं होतं. तळ्याला इकडचे लोक तरिया म्हणतात. ते तळं गाळानं भरून गेलं आणि तिथं काळी कन्हार माती तेवढी राहिली. मोटरसायकलच्या शर्यतीसाठी मातीचा ट्रॅक आखला तेव्हा एक वळण नेमकं त्या काळ्या मातीवरून गेलं. रायडर लोकांनी त्याचं नाव तरिया मोड ठेवलं. वर्षभर वेगवेगळ्या गावांत ह्या शर्यती होत आणि शेवटची, म्हणजे फायनल, हिवाळ्यात आमच्याकडे होई. केरळातून येणाऱ्या रायडरला रायपूरचं स्टेशन सोडून दुसरं काही माहीत नसे, पण तरिया माहीत असे.

त्या वळणात काय होतं ते सांगते. सकाळी दवानं माती चिकट असते, चाक धरून ठेवते. दोन शर्यती झाल्या की तिला चाकोऱ्या पडतात. दुपारी वरचा पापुद्रा सुकतो, खाली ओल राहते, आणि मागच्या फेरीत ज्या रेषेनं गाडी सरळ निघाली त्याच रेषेनं ह्या फेरीत ती आडवी होते. सरळ पट्ट्यावर ज्याचं इंजिन चांगलं तो पुढे जाई. तरियावर मात्र सगळ्यांचे हिशेब मोडत. पडणारे खूप, पण माती मऊ असल्यानं बहुतेक जण उठून शिव्या देत पुन्हा गाडीवर बसत. लोक चार तास उन्हात उभे राहत ते ह्या एका वळणासाठी.

ही जागा मी शोधली. हे मी आधीच सांगून टाकते, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

राज्य नवं होतं, रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि शहरातली सगळी मैदानं सभांना आणि प्रदर्शनांना लागलेली. शर्यती भरवणारे क्लबवाले वळणांवर रचायला जुने टायर मागत माझ्याकडे आले. माझे वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे हातमजूर, होते, वर्ध्याकडून आलेले. मी शाळा सुटल्यावर दुसऱ्याच्या दुकानाबाहेर बसून रॉकेलनं बेअरिंग धूत धूत धंदा शिकले आणि पुढे त्याच ओळीत स्वतःचं दुकान टाकलं. समोरच्याला गरज किती आहे ते मला त्याच्या उभं राहण्यावरून कळतं. क्लबवाल्यांना टायरांपेक्षा जागेची गरज होती. मी म्हटलं, टायर देते, जागाही मिळवून देते, बदल्यात दोन गोष्टी. फाटकाच्या तोंडाशी सुट्या भागांचं दुकान फक्त माझं लागेल, आणि फायनल दरवर्षी इथंच होईल. ते हो म्हणाले. तोंडी म्हणाले. तेव्हा मी तरुण होते, नाहीतर लिहून घेतलं असतं.

पहिल्या फायनलला क्लबच्या सचिवांनी माइकवरून पोलिसांचे आभार मानले, मंडपवाल्याचे मानले, पाण्याच्या टँकरवाल्याचे मानले. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली आणि खाली उतरले. पुढच्या सगळ्या वर्षी तेच. मी मोजत गेले.

त्या दिवशी दुकान बंद करून घरी आले तेव्हा नवरा ऑफिसातून येऊन चहा करत होता. तो रेल्वेत क्लार्क आहे. आवाज चढवणं त्याच्या स्वभावात नाही. तो वाटाही मीच उचलला आहे.

"काहून एवढी तणतण करून राहिली?"

"फायनल नेऊन राहिले नव्या रायपूरले. तिकडे रुंद रस्ते आहेत म्हणे."

"नेऊ दे ना. तुले दुकानात काय कमी आहे?"

"माझी वस्तू मले न विचारता उचलली तर मी गप बसू?"

"ट्रॅक तुही वस्तू कधीपासून झाली?"

मी चहाचा कप तसाच ठेवून उठले आणि सचिवांना फोन लावला. ते फार गोड बोलतात. "अरे दीदी, अभी कुछ तय नहीं हुआ. नागपुर से एक सज्जन आएँगे, पुराने रायडर हैं. ट्रैक देखेंगे, रिपोर्ट देंगे. अब राजधानी है, फायनल उस लायक जगह पर होनी चाहिए ना? और सच कहूँ, वो तालाब वाला कोना देखने में अच्छा नहीं लगता."

लायक. हा शब्द मला लागला. ते गृहस्थ यायला दहा दिवस होते. मी मनाशी म्हटलं, लायक काय असतं ते दाखवतेच.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. जुना भाग गिऱ्हाईकापुढे तसाच ठेवायचा नाही. आधी रॉकेलनं धुवायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, मग ब्रशनं काळा रंग मारायचा. गिऱ्हाईक आधी डोळ्यांनी घेतं, हातात नंतर धरतं. वीस वर्षं मी हेच केलं होतं. ट्रॅकचंही तेच करायचं ठरवलं. टायर पांढरे-लाल रंगवले. चुन्यानं रेषा आखल्या. आड येणाऱ्या बाभळी छाटून घेतल्या. आणि तरियाच्या वळणावर मुरूम टाकायचं ठरवलं, म्हणजे ट्रॅक सगळा एका रंगाचा, एका पातळीचा दिसेल. रस्त्याची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराकडे रोलर होता. त्याच्या ट्रॉलीला दोन चांगले टायर हवे होते. तो आधी एका दिवसासाठी रोलर देईन म्हणाला. मी दोन दिवस घेतला, ड्रायव्हरसकट.

रानाचा मालक तिथं बांधावर बसून बघत होता. मी त्याला कका म्हणते, इकडे काकाला तसंच म्हणतात, आणि तो मला नोनी म्हणतो, म्हणजे पोरगी. मुरमाची पहिली ट्रॉली काळ्या मातीवर रिकामी झाली तेव्हा तो उठून आला.

"झन कर नोनी. कन्हार ला झन दाब. ओहू साँस लेथे." झन म्हणजे नको; काळी दाबू नको, तीही श्वास घेते, असं तो म्हणत होता.

"कका, मातीनं श्वास घ्यावा की नागपूरच्या माणसानं ट्रॅक पास करावा?"

तो खांद्यावरचा पंचा झटकून पुन्हा बांधावर जाऊन बसला. रोलर दोन दिवस फिरला. काम संपलं तेव्हा मी स्वतः चप्पल काढून त्या वळणावर चालले. घरच्या ओट्यासारखं गुळगुळीत. मला त्याचा अभिमान वाटला, हे लिहिताना आज तोंड कडू होतं, पण वाटला.

नागपूरचे गृहस्थ ठरल्या दिवशी सकाळच्या गाडीनं आले. पन्नाशीचे, उजव्या पायानं लंगडणारे. सचिवांनी त्यांच्यासाठी गाडी फाटकातून आत घ्यायला सांगितली. ती माझ्या फाटकाजवळच्या दुकानाच्या पत्र्यांमुळे आत येईना. ते म्हणाले, राहू द्या, मी पायी येतो. मग त्यांनी अख्खा ट्रॅक पायी पालथा घातला. जागोजागी वाकून माती उचलायची, चोळायची, टाकायची. रंगवलेल्या टायरांकडे त्यांनी बघितलंही नाही. तरियावर येऊन उभे राहिले.

"ताई, तरिया कुठं आहे?"

मी हसून म्हटलं, "त्याच्यावरच तर उभे आहात तुम्ही."

त्यांनी बुटाची टाच मुरमावर आपटली. टक्क आवाज आला. मग त्यांनी दोन स्थानिक रायडरांना दहा फेऱ्या मारायला सांगितल्या. गाड्या सुटल्या. जो पुढे होता तो दहाही फेऱ्या पुढे राहिला. वळणावर ना कोणी पाय टेकला, ना कोणाची गाडी हलली. पाचव्या फेरीला सचिव फोनवर बोलू लागले.

गाड्या थांबल्यावर पाहुणे माझ्याकडे वळले. सचिवांशी हिंदीत बोलत होते, पण माझ्याशी आमच्याच बोलीत बोलले.

"हे काय करून ठेवलं ताई? असा ट्रॅक तर कुठंबी बनते. मग मी नागपुरातून कायले आलो? पोट्टे केरळातून कायले येतील?"

सचिवांनी लगेच संधी साधली. "सर, यही तो मैं कह रहा हूँ. सपाट ही चाहिए तो नवा रायपुर में सब तैयार है. पानी है, पार्किंग है, सड़क है."

माझा तोल गेला. मी सचिवांवर तुटून पडले. रोलर परत न्यायला आलेला ड्रायव्हरसुद्धा बाभळीखालून उठून बघायला आला, एवढा माझा आवाज. "तुमीच फोनवर बोलले होते का तो कोपरा चांगला नाही दिसत! आता तुमीच सपाट म्हणून नावं ठेवता?"

"मैंने कहा था अच्छा नहीं लगता," ते शांतपणे म्हणाले. "मुरुम डालने को किसने कहा था, दीदी?"

कोणी सांगितलं नव्हतं. उलट एकानं नको म्हणून सांगितलं होतं, आणि तो बांधावर बसून दुसरीकडे बघत होता.

राग आला की मला रडू येत नाही, भाव सुचतो. मी नागपूरच्या पाहुण्यांपुढे जाऊन उभी राहिले.

"मले आठ दिवस द्या. जसं होतं तसं करते."

"आज संध्याकाळची गाडी आहे माझी."

"चार द्या."

"ताई, रिझर्वेशन आहे."

"ते माझ्यावर सोडा. घरचा माणूस रेल्वेत आहे. दोन दिवस."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "उद्या दुपारची गाडी घेतो. दहा वाजता पाहीन."

"साडेबारा."

"अकरा."

"बारा. आणि जेवण माझ्या घरचं. पाटोडीचा रस्सा."

ते पहिल्यांदा हसले. "बारा," म्हणाले. आठ दिवस मागितले तेव्हाच मला एक दिवस हवा होता. पण एका दिवसात ते काम होतं की नाही, हे मला माहीत नव्हतं.

ट्रॅक्टर आणून सगळं उखडून काढावं म्हणून मी फोन लावायला निघाले, तर कका आडवा आला.

"ट्रैक्टर झन लान. मुरूम अउ कन्हार मिल जाही, त फेर अलग नइ होवय."

म्हणजे एकदा लाल आणि काळी कालवली की ते वळण कायमचं गेलं. मुरूम वरून हातानंच उचलायचा, काळ्याला धक्का न लावता. बीरगावात कारखान्यांवर मजुरी करणाऱ्या बाया राहतात. त्यांतल्या सुट्टीवरच्या दहाबारा जणींना मी घेऊन आले. त्यांच्या मुकादमीण बाईनं आधी मला विचारलं, "कालच टाकलेला आज काढायचा? बाई, तुमचं डोकं तर बरोबर आहे ना?" मी म्हटलं, नाही, म्हणून तर आले. त्या हसत हसत आल्या. मीही पदर खोचून घमेलं घेतलं. रोलरनं मुरूम असा बसवला होता की फावडं आधी नुसतं घसरत होतं. माझ्याच दोन दिवसांच्या हुशारीचं वजन मी दुपारभर डोक्यावरून वाहिलं.

ऊन उतरताना काळी माती दिसली. पण ती माती नव्हतीच, फरशी होती. तेव्हा कका घरी गेला आणि बैलजोडी आणि लाकडी नांगर घेऊन आला. त्या रानात वीस-पंचवीस वर्षांत कोणी नांगर घातला नसेल. त्यानं एक बोटभर खोल तेवढंच उकरलं, वळणाच्या आकारानं, बैलांशी हळूहळू बोलत. मग टँकरनं पाणी दिलं. मी आणखी एक टँकर मागवत होते, त्यानं माझा हात धरला.

"अब छोड़ दे. बिहनिया बतर आही."

बिहनिया म्हणजे सकाळी, आणि बतर म्हणजे माती कामाला येण्याची घडी. माझे वडील त्याला वाफसा म्हणत. ओली नाही, कोरडी नाही, मुठीत धरली तर गोळा होते आणि सोडली तर फुटते. वडील रेल्वेत होते, तरी पावसाळ्यात क्वार्टरमागच्या चार वाफ्यांत असा गोळा करून बघत. मला तो शब्द माहीत होता. दुकानात बसून बसून हात विसरले होते.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा दव पडलं होतं. कका आधीच येऊन उकिडवा बसला होता. मी माती उचलली, गोळा केला, सोडला. फुटला. त्यानं माझ्याकडे बघून "हव", म्हणजे हो, म्हटलं. त्या एका शब्दात मला माफी होती की टोमणा होता, ते मी अजून ठरवलेलं नाही.

पाहुणे बरोबर बाराला आले. तेच दोन रायडर सुटले. दुसऱ्या फेरीत पुढचा तरियावर बाहेर फेकला गेला आणि मागचा आतून निघाला. चौथ्या फेरीत उलट झालं. मुरूम उचलायला आलेल्या बाया टायरांच्या भिंतीवर चढून ओरडत होत्या. त्यांना शर्यत कशाशी खातात ते माहीत नव्हतं, पण कोण पुढे आलं ते कळत होतं. सहाव्या फेरीला पाहुण्यांनी हात करून गाड्या थांबवल्या आणि एकाचं हेल्मेट मागितलं.

सचिव म्हणाले, "सर, आपका पैर—"

"पैर को मालूम नहीं पड़ने देंगे," ते म्हणाले आणि निघाले.

पहिली फेरी नीट गेली. दुसऱ्या फेरीला तरियावर गाडी त्यांच्या खालून अशी हळूच निघून गेली, जशी म्हैस पाण्यात बसते. ते काळ्या मातीत उताणे. मी धावत गेले. ते हसत होते. इतका वेळ हसत होते की मला वाटलं डोक्याला मार लागला.

"हा तरिया आहे," ते म्हणाले. "हा आहे तरिया. ताई, ह्या ट्रॅकले फायनल शोभते. मी लिहून देतो."

मी सचिवांकडे बघितलं. त्यांचे पांढरे बूट काळे झाले होते. त्या क्षणी मी जिंकले होते. मी तो क्षण जपून ठेवला आहे, कारण तो फार टिकला नाही.

पाहुणे उठून बसले, दुखरा पाय चोळू लागले आणि म्हणाले, "आता मले सांगा. माझा पाय मोडला असता, तर ॲम्बुलन्स कुठून आली असती?"

मी म्हटलं, "आपली माणसं उचलून नेतात. खाट ठेवलेली आहे."

"खाट."

"वेळ लागत नाही."

त्यांनी फाटकाकडे बोट केलं. तिथून आत यायला एकच वाट आहे, आणि वाटेच्या तोंडाशी माझं दुकान होतं. पहिल्या वर्षी ते एका टेबलाचं होतं. मग पत्रे आले, मग बाजूला रिमची चळत, मग मागं इंजिनांची रांग. दर वर्षी मी हात-दोन हात सरकत गेले होते. त्यांच्यासाठी आणलेली गाडी आदल्या दिवशी त्याच पत्र्यांमुळे बाहेर राहिली होती.

आणि मला मागची फायनल आठवली. उडीच्या उंचवट्यावर एक रायडर पडला होता, खांद्याचं हाड मोडलेलं. चार जण त्याला खाटेवर घालून गर्दीतून आणत होते. माझ्या दुकानापाशी खाट अडली. मी तेव्हा एका गिऱ्हाईकाशी कार्बोरेटरवरून भांडत होते. मी बोलता बोलता पायानं रिम बाजूला सारले आणि वाट केली, आणि पुन्हा गिऱ्हाईकाकडे वळले. त्या पोराचा चेहरा कसा होता ते मला सांगता येणार नाही. मी बघितला नव्हता.

तरी मी घासाघीस केली. सवय जात नाही. "ट्रॅकचं लिहा," मी म्हटलं. "रस्त्याचं मी तोंडी कबूल करते. पुढच्या हिवाळ्याआधी करून देते."

"दोन्ही लिहीन ताई. ट्रॅक लायक आहे. वाट नाही."

"वाटेचं एका ओळीत, बारीक अक्षरात."

"ह्याच्यात भाव होत नाही," ते म्हणाले. आवाजसुद्धा चढवला नाही.

नवरा डबा घेऊन आला. बाभळीच्या बुंध्याशी बसून पाहुणे पाटोडी जेवले. मला त्यांचा इतका राग आला होता की मी न विचारता दोनदा रस्सा वाढला.

त्या वर्षीची फायनल नव्या रायपुरात झाली. मी गेले. बस बदलून गेले, तिकीट काढून आत बसले. खोटं बोलणार नाही. खुर्च्या होत्या, सावली होती, बायकांसाठी संडास होते आणि त्यांना आतून कड्या होत्या. ॲम्बुलन्स ट्रॅकच्या कडेला उभी होती, ड्रायव्हर आत बसलेला. शर्यतीबद्दल एवढंच सांगते की पहिल्या वळणावर जो पुढे होता तोच शेवटी पुढे होता, आणि माझ्या शेजारची बाई मधेच उठून भेळ घेऊन आली तरी तिचं काही चुकलं नाही. परत येताना बसमध्ये दोन पोरं म्हणत होती, "यार, तरिया वाला मज़ा नहीं आया." मी त्यांच्याकडे वळून म्हटलं, "आएगा." ती दचकली.

त्याच आठवड्यात मी दुकानाचे पत्रे उतरवले. स्वतः स्पॅनर घेऊन नट काढले. नवरा एका रविवारी मदतीला आला. पत्रा धरून म्हणाला, "तोंडाशी बसायचं म्हणून एवढी भांडली होती तू पहिल्या वर्षी."

"धरा नीट," मी म्हटलं.

गाडी वळायला फाटकाची जागा पुरत नव्हती. ककाच्या बांधाचा थोडा भाग हवा होता. मी त्याच्याकडे गेले ती सगळी तयारी करून, त्याला काय काय देता येईल ते मनात मांडून. तो ऐकून घेत राहिला आणि शेवटी एकच गोष्ट मागितली. दरवर्षी फायनलच्या आदल्या दिवशी तरियावर पहिला नांगर त्याचा. रोलर नाही, ट्रॅक्टर नाही. मी हो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याचा पहिला भाव मान्य केला. ह्या वेळी लिहून घे म्हटलं, तर तो म्हणाला त्याला लिहिता येत नाही, मलाच लिहावं लागेल. मी लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं.

वाट झाली. मुरमाचीच, तोच मुरूम, तरियावरून उचललेला. संडासही बांधले, कड्यांसकट. माझं दुकान ट्रॅकच्या मागच्या टोकाला गेलं, जिथं फक्त ज्याला खरंच काही मोडलं असेल तोच येतो.

पुढच्या पाहणीला तेच गृहस्थ आले. मी टायर रंगवले नाहीत. चुना मारला नाही. त्यांची गाडी फाटकातून थेट तरियापर्यंत आली. ते खाली उतरले, माती उचलली, मुठीत धरली आणि सोडली. मग सचिवांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "रस्सा आहे का?"

फायनल परत आली. आदल्या दिवशी ककानं नारळ फोडला आणि बैल तरियावर घातले. शर्यतीच्या दिवशी उडीवर एक रायडर पडला. ॲम्बुलन्स आत आली, त्याला घेऊन बाहेर गेली. मी मागच्या टोकाला दुकानात उभी होते आणि गाडी फाटकातून निघेपर्यंत गिऱ्हाईकाला एक शब्द बोलले नाही. तो बिचारा क्लच लिव्हर हातात धरून उभा होता. तरियावर पुढचा नंबर सहा वेळा बदलला. मी मोजले.

शेवटी सचिव माइकवर आले. पोलिसांचे आभार. मंडपवाल्याचे. टँकरवाल्याचे. ॲम्बुलन्सवाल्यांचे सुद्धा. मग खाली उतरले.

मी दुकान सोडून अख्ख्या ट्रॅकला वळसा घालून त्यांच्यापर्यंत गेले. मला येताना बघून त्यांनी हात जोडले. "अरे दीदी, आपका नाम छूट गया! अभी लेता हूँ."

"नाम रहने दो," मी म्हटलं. "अगले साल की फायनल यहीं होगी. ये बोलो माइक पर. अभी."

"वो तो कमिटी में—"

मी माइक उचलून त्यांच्या हातात दिला. लोक अजून गेले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, लोकांकडे बघितलं, घसा साफ केला आणि तेवढं जाहीर केलं. एवढ्या टाळ्या पडल्या की बांधावरचे बैल उठून उभे राहिले.

तेव्हापासून फायनल इथंच होते. माझं नाव त्यांनी अजून एकदाही घेतलेलं नाही. ते वेगळं प्रकरण आहे, आणि ते मी सोडलेलं नाही.